खानदेशात चार दिवस आणि दिल्याचं बटण

आधीच सांगून टाकतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मी चार दिवस फिरलो, पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो, माणसं भेटली ती एकाहून एक चांगली भेटली, आणि या चारही दिवसांत मी एकसारखा जळत होतो. कुणावर? दिल्यावर.

दिल्या म्हणजे दिलीप, माझा शाळेपासूनचा मित्र. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे, पस्तीस वर्षं झाली. दिल्या बँकेत होता. निवृत्त झाल्यावर एका सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "विजू, मला फोटो काढायला शिकव की." शिकवलं. माझा जुना कॅमेरा आणि त्यावरची लेन्सही त्यालाच दिली. त्या लेन्सच्या कडेला एक छोटं बटण आहे. वर केलं की फोकस कॅमेरा स्वतः करतो, खाली केलं की आपल्याला हातानं करावा लागतो. हे बटण माझ्याकडे होतं तेव्हाच ढिलं झालेलं. पिशवीत घासलं तरी सरकायचं. देतानाच मी बजावलं होतं, "दिल्या, हे बटण बघत जा, नाहीतर एक दिवस बोंबलत बसशील."

आमच्या क्लबचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. दारातून आत गेलं की समोर जी भिंत येते तिच्यावर एकच मोठा फोटो लावतात. त्या दर्शनी भिंतीवर कित्येक वर्षं माझा फोटो असायचा. गेल्या वर्षी तिथं दिल्याचा लागला, आणि माझा कुठं लागला? बाथरूमकडं जाणाऱ्या बोळात. लोक घाईत असतात हो तिथं, कोण बघतंय! तर यंदा भिंत परत मिळवायची, एवढ्यासाठी मी खानदेशात गेलो. भरीत, केळी, किल्ला हे सगळं त्याच्यानंतर. नवा कॅमेराही घेतला, माणसाचा डोळा ओळखून आपोआप त्याच्यावर फोकस धरणारा. आता ये म्हटलं, दिल्या.

जळगाव ते रावेर

सांगलीहून आम्ही दोघं निघालो, आणि गाडीत बसल्या बसल्या मी दिल्याच्या तीन चुका काढल्या. पट्टा मनगटाला गुंडाळलेला नव्हता, लेन्सवर बोटाचा ठसा होता आणि बटण अर्धवट सरकलेलं होतं. तो दरवेळी "बरं झालं बाबा सांगितलंस" म्हणत दुरुस्त करत होता. त्याची चूक दिसली आणि माझी जीभ आवरली, असं आजवर घडलेलं नाही.

जळगाव स्टेशनवर नाना घ्यायला आले होते. नाना हे दिल्याचे बँकेतले जुने सहकारी. काही वर्षं सांगलीच्या शाखेत होते, आता रावेरला स्वतःची केळीची बाग बघतात. त्यांनी दिल्याला कडकडून मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हे कोण, भो? तुमच्याकडं फोटोग्राफी शिकताहेत ते का?"

दिल्या पोट धरून हसला. "अहो नाना, उलटं आहे. हा माझा गुरू."

नाना "सॉरी, सॉरी" म्हणाले खरे, पण रावेरला पोचेपर्यंत दिल्याच्या गेल्या वर्षीच्याच फोटोविषयी बोलत राहिले. तो त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना केळी, मधूनच कापूस वेचून झालेली रानं आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. आमच्याकडं द्राक्षांचे मांडव असतात, ते तारांवर नीट आखलेले. इथं मात्र केळीच्या पानांनी रस्त्यावर येऊन अंग पसरलेलं.

संध्याकाळी नानांच्या शेतात भरताचा बेत होता. सांगलीत आम्ही भरीत करतो म्हणजे गॅसवर दोन वांगी भाजतो आणि दही घालून वाटीभर खातो. इथं वांगी आली पोत्यातून! वीतभर लांब, फिकट हिरवी, जवळपास बियाच नसलेली. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात ती सगळी लोटून द्यायची. नानांच्या पत्नी, त्यांना सगळे अक्का म्हणतात, पदर खोचून लांब काठीनं वांगी उलटत होत्या. धूर असा, की समोरचा माणूस दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

मी नवा कॅमेरा काढला. डोळा ओळखायचं चालू केलं, अक्कांवर रोखलं. कॅमेऱ्यानं पिवळी चौकट दाखवली, धूर आला, चौकट गेली. परत आली, परत गेली. लेन्स आत-बाहेर, आत-बाहेर करत घुरघुरायला लागली. आणि मग चौकट एका जागी घट्ट बसली. मी खुशीत दहा-बारा फोटो ओढले. बघतो तर काय, अक्कांच्या मागं खुंट्याला एक गोऱ्हा बांधला होता, आणि फोकस त्याच्या डोळ्यावर! अक्का धुरात विरघळलेल्या आणि गोऱ्ह्याची पापणीन् पापणी मोजून घ्या.

"काय झालं रे?" दिल्यानं विचारलं.

"काही नाही."

दिल्यानं बटण खाली केलं होतं. अक्का जाळापासून एका ठरावीक अंतरावर बसतात, पुढं-मागं सरकत नाहीत, हे त्यानं बघून ठेवलं होतं. हातानं त्या अंतरावर फोकस लावला आणि धूर विरळ होईल तेव्हा टिपत राहिला. धुरात ऑटोफोकसच्या नादी लागायचं नाही, अंतर ठरवून हातानं लावायचा आणि वाट बघायची, हे त्याला कुणी शिकवलं? मीच. पहिल्याच पावसाळ्यात, दुकानामागं ओली लाकडं पेटवून शिकवलं. मला काय माहीत नव्हतं होय? पण नवा कॅमेरा हातात असला की माणसाला अक्कल वापरायची लाज वाटते.

भरीत झालं. भाजलेली वांगी सोलून मोठ्या लाकडी भांड्यात ठेचली, वरून मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. सोबत कळण्याच्या भाकरी, ज्वारी आणि उडदाच्या. मी चार भाकरी खाल्ल्या. "अजून घ्या ना भाऊ, लाजता काय?" असं अक्का म्हणत होत्या. लाजत कोण होतं! राग आला की मला भूक जास्त लागते.

केळीच्या बागेत

दुसऱ्या दिवशी सकाळी केळी कापणी. इथली एक पद्धत मला फार आवडली. कापलेला घड मातीला लागू द्यायचा नाही. एकजण कापतो, दुसरा खाली खांदा देऊन उभाच असतो, आणि घड खांद्यावर पडला की तो तसाच तुरुतुरु चालत बांधाकडं निघतो. बांधावर केळीचीच पानं अंथरलेली असतात, त्यांवर घड अलगद निजवायचा. आमच्याकडं द्राक्षाच्या पेट्या भरताना बायका असेच मणी सांभाळतात, पण द्राक्षाचा घड तळहातावर मावतो. इथं एकेक घड पोराएवढा जड.

इथं मात्र माझा दिवस होता. खांद्यावर घड घेऊन माणूस अंगावर चालत येतोय म्हटल्यावर एकदा फोकस लावून भागत नाही. तुम्ही बटण दाबेपर्यंत तो दोन पावलं पुढं येतो. तिथं सतत पाठलाग करणारा फोकसच पाहिजे. त्यातही मध्ये केळीचं पान आलं की कॅमेरा पानावर उडी मारतो. म्हणून मी त्याला सेटिंगमध्ये सांगून ठेवलं, की बाबा, मध्ये काही आलं तरी लगेच सोडू नकोस, थोडा दम धर. मग काय! घडवाला पानाआड गेला, बाहेर आला, फोकस त्याच्या चेहऱ्यावर चिकटलेला. घामाचा थेंब हनुवटीवर, अगदी सुटायच्या बेतात. असा फोटो मिळाला की पस्तीस वर्षांचं सार्थक वाटतं.

दिल्याचे चालत्या माणसांचे सगळे फोटो हललेले. माझ्या मनात लाडू फुटले. मी पडदा त्याच्यासमोर धरला, मुद्दाम. तर हा गडी ओरडला, "विजू! अरे हा दर्शनी भिंतीचा! नाना, इकडं या, बघा ह्यानं काय काढलंय!" स्वतःचे वाया गेले त्याचं काही नाही, माझ्याच आनंदात नाचतोय. अशा माणसावर जळणंसुद्धा सुखानं करता येत नाही.

नाना आले, बघितला. म्हणाले, "एक नंबर. पेपरात येतो तसा."

मग त्यांनी दिल्याचा कॅमेरा मागितला. हललेल्या फोटोंच्या शेवटी एक होता. बांधावर पानं अंथरणारी एक म्हातारी, तिचा फक्त हात आणि पानाची फाटलेली कड. ती एका जागी बसली होती म्हणून दिल्यानं एकच बिंदू निवडून तो तिच्या बोटांवर ठेवला होता. बसलेल्या माणसाला एवढंच लागतं, त्यात काही मोठी करामत नाही. पण नानांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, तो खाली घेईचनात.

"ही गोदाबाई," ते शेवटी म्हणाले. "माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्या बागेत आहे. इतकी वर्षं रोज बघतोय बाप्पा, तिचा हात काही मी बघितला नव्हता." आणि अक्कांना दाखवायला कॅमेरा घेऊन घराकडं चालते झाले.

मी तिथंच घडाच्या राशीजवळ उभा. पेपरात येतो तसा म्हणे! एका मजुरानं मला दोन पिकलेली केळी दिली. ती मी तिथंच खाल्ली. गोड होती, खोटं कशाला बोलू.

मुक्ताईनगर

तिसऱ्या दिवशी धुळ्याला जायच्या आधी नानांनी आम्हाला मुक्ताईच्या दर्शनाला नेलं. आत कॅमेरे पिशवीत ठेवले, त्यामुळं तासभर तरी जिवाला शांतता मिळेल असं मला वाटलं होतं. देवळात गर्दी नव्हती. एक बाई दिव्यांच्या वाती सारख्या करत होती, दोन म्हातारे भिंतीला टेकून हळू आवाजात अभंग म्हणत होते. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, "आई मुक्ताई, दिल्याचा एकही फोटो शार्प येऊ देऊ नकोस."

म्हणालो आणि माझीच मला लाज वाटली. इतक्या लांब येऊन हे मागायचं? लगेच दुरुस्ती केली. "एक-दोन आले तरी चालतील. पण भिंतीजोगा नको."

बाहेर चपला घालताना मी दिल्याला सहज विचारलं, "काय मागितलंस रे?"

"तुझा तो घडवाल्याचा फोटो," तो म्हणाला, "मोठा छापला तरी कडा फाटायला नकोत, तेवढं मागितलं. एरवी माझं काय, सगळं चांगलं चाललंय."

चपलेच्या अंगठ्यात माझं बोट घुसता घुसत नव्हतं. आणि हा देवमाणूस शेजारी उभा राहून वाट बघत होता. कानाखाली आवाज काढावा असं वाटलं मला, देवाच्या दारात.

संध्याकाळी धुळ्यात शेवभाजी खाल्ली. आम्ही सांगलीकर स्वतःला तिखट खाणारे समजतो, ती घमेंड पहिल्या घासालाच उतरली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग आणि जाड तिखट शेव. मला उचक्या लागल्या त्या थांबेनात. दिल्यानं पाणी दिलं, पाठ चोळली, हॉटेलवाल्याकडून दही आणलं. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. माझी तर आठवण काढणारा समोरच बसला होता.

सोनगीर

शेवटचा दिवस सोनगीरचा. धुळ्याहून महामार्गानं थोडं उत्तरेला गेलं की गाव लागतं, आणि गावाच्या डोक्यावर जुना किल्ला. सकाळी लवकर वर चढलो. दरवाजाचे दगड, पडकी तटबंदी, खाली घरांची छपरं आणि पलीकडं महामार्गावर मुंगीसारखे ट्रक.

दिल्यानं विचारलं, "विजू, इथं फोकस कुठं धरू?"

सांगू नये, असं मनात आलंच. पण सवय वाईट. "पायाजवळच्या दगडावर धरलास तर गाव जाईल," मी म्हणालो. "गावावर धरलास तर दगड जाईल. अ‍ॅपर्चर बारीक कर, आणि त्या मधल्या बुरुजावर धर, जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी सांभाळलं जातं. आणि बटण वर आहे का बघ." त्यानं बघितलं. वर होतं. माझाही तसाच फोटो आला, त्याचाही. तिथं बरोबरी झाली.

खाली उतरल्यावर खरं काम होतं. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवणारे तांबट आहेत. नानांच्या ओळखीनं आम्ही एका आबांकडं गेलो. पंचाहत्तरीचे असतील, पांढरी बंडी, डोळ्यांवर जाड चष्मा. खांद्याच्या दुखण्यामुळं त्यांनी काम सोडलं होतं. पण आता नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्यासाठी एक तांब्याचा हंडा ते स्वतःच्या हातानं पुरा करत होते. घडवून झाला होता, फक्त मठारायचा राहिला होता. मठारणं म्हणजे हातोडीचे बारीक सारखे ठोके देऊन भांड्यावर चकाकत्या ठशांच्या ओळी उठवणं. त्यातलाही गळ्याजवळचा शेवटचा एक फेर शिल्लक.

"या भाऊ, बसा," आबा म्हणाले. "तुम्ही कठला शेतस?"

"सांगलीचे."

"दूर शे." मग हंड्यावरून हात फिरवत म्हणाले, "मन्ही नातनं लगीन शे. हाऊ फेर झाया का हातोडी ठी देसू. मंग नही."

हा फेर झाला की हातोडी ठेवून देणार, मग नाही. म्हणजे जे काही मिळायचं ते या अर्ध्या तासात. मला एकदम भिंत दिसली. आबांची हातोडी तांब्यावर टेकतानाचा क्षण, नेमका तोच आणि तिथंच शार्प. हा फोटो ज्याला मिळेल त्याची भिंत. घडवाला वगैरे सगळा विसरा.

आबांनी भांडं जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर उलटं चढवलं, आणि ठण्, ठण्, ठण् सुरू झालं. मी हातोडीवर पाठलागाचा फोकस लावला. हातोडी चकाकत होती, कॅमेऱ्यानं ती पटकन ओळखली. पण ती वर गेली की फोकस तिच्यामागं वर, तिथून आबांच्या कपाळावर, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि खाली येईपर्यंत ठोका पडूनही गेलेला. मी वेग वाढवला. चौकट मोठी केली, लहान केली. सेकंदाला वीस-वीस फोटो ओढत होतो. घाम फुटला मला.

आबा हसले. हात न थांबवता म्हणाले, "भाऊ, तुम्ही हातोडीना मांगे काय पळी राहिनात? हातोडी एकच जागावर पडस. भांडं फिरस."

मी "हो, हो" म्हणालो. ऐकलं कुणी? मला वाटलं, म्हातारा माणूस, आपल्या कामाबद्दल बोलतोय.

दिल्यानं मात्र कॅमेरा मांडीवर ठेवून दिला होता. पाच मिनिटं तो नुसता बघत बसला. मग गुडघ्यावर पुढं सरकला, कॅमेरा डोळ्याला लावला, काहीतरी खुटखुट केलं. मी त्याच्या मागं होतो. सवयीनं वाकून बघितलं, तर लेन्सचं बटण खाली.

झालं! किल्ला उतरताना पिशवीत घासलं असणार. आठ वर्षं वापरलेलं बटण ते, मला त्याची नस न् नस ठाऊक. ऑटोफोकस बंद आहे आणि या गाढवाला पत्ता नाही. आता जेवढे काढेल तेवढे सगळे वाया.

तोंडाशी आलं होतं. "दिल्या, बटण!" एवढे दोनच शब्द. त्याच वेळी दिल्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, मी बटणाकडं बघत होतो ते बघितलं, आणि किंचित हसला. मी नजर वळवली. मी काही बोललो नाही. ठोके पडत राहिले, भांडं फिरत राहिलं, दिल्या अधूनमधून एखादाच फोटो घेत राहिला. आणि मला सांगायला शरम वाटते, पण छातीत कसं गार वाटत होतं.

फेर पुरा झाला. आबांनी हातोडी खाली ठेवली, आतून त्यांच्या सूनबाई चिंच घेऊन आल्या, हंडा घासला, धुतला. उन्हात धरला तेव्हा त्यावरच्या ठशांच्या ओळी अशा लखलखल्या, की आम्ही दोघंही कॅमेरे विसरून बघत राहिलो. "बठ्ठा ठोका मोजा," आबा म्हणाले, "एक बी चुकना नही." सगळे ठोके मोजून बघा, एकही चुकलेला नाही म्हणे. मग आम्हाला गुळाचा चहा मिळाला. आबांनी दिल्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, लग्नाच्या आधी एक फोटो पाठवा, नातीला हंड्याबरोबर द्यायचाय.

हे ऐकलं तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडं तर काही आलेलं नव्हतं, आणि दिल्याचं मी जाऊ दिलं होतं. म्हणजे आबांच्या शेवटच्या फेराचा फोटोच नाही. पण आता बोलून काय उपयोग होता? हातोडी आबांच्या सूनबाईंनी आत नेऊन ठेवली होती.

सांगली

परतीच्या प्रवासात मी झोपेचं सोंग घेतलं. दिल्याच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा जुना, चिरलेला, त्यावर फोकस धड कळत नाही. त्यामुळं सोनगीरचे फोटो आम्ही नीट बघितले ते माझ्या दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर.

आधी माझे. तीनशेहून जास्त होते. कॅलेंडर शार्प, आबांची बंडी शार्प, एकात दारातली कोंबडी शार्प. हातोडी आणि तांबं जिथं भेटतात ते एकातही नाही.

मग दिल्याचे. फक्त अकरा. पहिला उघडला आणि मी खुर्चीत सरळ झालो. हातोडीचं तोंड तांब्याला टेकलेलं, शेजारी आधीच्या ठोक्यांची ओळ एकेक ठसा मोजता येईल अशी स्वच्छ, आणि मागं आबांचा चेहरा जरासा मऊ, जाड चष्म्यात तांब्याचा लाल उजेड. मोठा केला, आणखी मोठा केला. कुठं फाटेना. पुढचा तसाच. अकरापैकी नऊ तसेच!

"कसं केलंस?" मी विचारलं.

"आबांनी सांगितलं की," दिल्या म्हणाला. "हातोडी एकाच जागी पडते. भांडं फिरतं. मग हातोडीच्या मागं कशाला लागायचं? मी बटण खाली केलं, ज्या जागी ठोका पडतो तिथं हातानं फोकस लावला, आणि तिथंच थांबलो."

"बटण तू खाली केलंस?"

"मग! पण खरं सांगू का विजू, माझी खात्री नव्हती. माझा हा असा चष्मा, ती काळोखी खोली, जुनी लेन्स. आबांचा फेर एकदाच होणार होता. म्हटलं, चुकलो तर म्हाताऱ्याचा फोटो गेला. परत ऑटोवर घ्यावं, असंच मनात चाललं होतं." तो हसला. "तेवढ्यात तू वाकून बटण बघितलंस. बघितलंस आणि काही बोलला नाहीस. म्हटलं, झालं, बरोबर आहे आपलं. चुकत असतो तर विजू गप्प बसला असता होय!"

मी स्क्रीनकडं बघत बसलो. गिऱ्हाईक आलं, पासपोर्ट फोटो पाहिजे म्हणालं, त्याला उद्या या म्हणालो.

दर्शनी भिंत यंदाही दिल्याची. निवडीच्या बैठकीत मी त्यालाच मत दिलं, डोळे काही फुटले नव्हते माझे. आबांसाठीची प्रत मी स्वतः माझ्या दुकानात छापली, रंगासाठी चारदा कागद बदलला, आणि सोनगीरला पाठवली. नातीचं लग्न झालं. हंडा आणि फोटो दोन्ही तिच्या सासरी पोचले, असा आबांचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, तो हातोडीमागं पळणारा भाऊ कसा आहे.

खानदेशात जाणार असाल तर थंडीत जा. भरीत शेतातच खा, शेवभाजी जपून खा, सोनगीरला हातोडीचा आवाज येईल तिथं थांबा. कॅमेरा घेतलात तर धुरात हातानं फोकस लावा, चालत्या माणसाला पाठलागाचा लावा, बसलेल्याच्या बोटांवर एकच बिंदू ठेवा. आणि जे एकाच जागी परत परत घडतं, त्याची वाट त्या जागेवर बघा.

हे आमच्या क्लबच्या वार्षिकात छापून येईल आणि दिल्या ते वाचेल, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, नेहमीसारखं. तर दिल्या, ऐक. ते बटण मी बघितलं, तेव्हा मला वाटलं की ते चुकून सरकलंय. तुझे सगळे फोटो वाया जावेत म्हणून मी गप्प बसलो. तू ज्याला खात्री समजलास ती ही होती. माफी मागतो.

वाचून राग आला तर फोन कर, शिव्या घाल, मी सगळ्या ऐकून घेईन. आणि राग आला नाही, तर मात्र कृपा करून करू नकोस. तेवढं मला सहन व्हायचं नाही.